मयसभेंतील खेळ आणि भाजलेला हात

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां आमच्या वर्गांतील एका बाकावरची जागा रिकामी होती. न उडालेला फटाका उचलून त्याची वात न्याहाळण्याचा मोह एका विद्यार्थ्यास आवरला नाहीं, आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला, असें कळलें. संक्रांत उलटून गेल्यावर तो परत आला. जखम भरून आली होती. परंतु हाताच्या पाठीवर लाल, जाड, चकाकणारी कातडी आली होती, बोटें वांकत नव्हतीं आणि अंगठा तळव्याकडे येत नव्हता. वही त्याच्यापुढें उघडी होती. पेन मात्र बोटांतून निसटून पडे.

त्याची आई आम्हांस भेटावयास आली. ती म्हणाली, "अहो सर, व्यायाम करतांना तो इतका रडे, कीं मला तें बघवेना. म्हटलें, हात आधीं बरा होऊं द्या, मग हलवूं." ह्या बोलण्यांत मायेवांचून दुसरें कांहीं नव्हतें, आणि तीच माया त्या हाताच्या आड आली होती. ही हकीकत आम्ही कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. आपल्यापैकीं कोणतेंहि आईबाप ह्याहून निराळें वागले असते, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ह्या प्रसंगामुळें आमचें लक्ष एका विषयाकडे वेधलें. भाजलेल्या हातास हालचाल हवी, आणि हालचालीनें असह्य वेदना होतात. ह्या दोन सत्यांच्या कात्रींत सांपडलेल्या रोग्यास सोडविण्यासाठीं गेल्या पंचवीस वर्षांत डॉक्टरांनीं एक नवलाची युक्ति योजिली आहे. ती युक्ति म्हणजे खेळ. आणि तोहि साधा नव्हे, तर आभासी सृष्टींतील खेळ. ह्याची माहिती आमच्या वाचकांस, विशेषतः पालकांस, उपयोगी पडेल अशा आशेनें येथें देत आहों.

प्रथम हाताचाच विचार करूं. आपल्या एका हातांत 27 हाडें आहेत. बोटांसह आपला तळवा म्हणजे आपल्या शरीराच्या एकंदर कातडीचा अवघा शेंकडा एक भाग होय. पण ह्या चिमुकल्या भागावर आपलें लिहिणें, जेवणें, गुंड्या लावणें, किल्ली फिरविणें, सारें कांहीं अवलंबून असतें. म्हणूनच अमेरिकन बर्न असोसिएशनच्या नियमांत, भाजलेली जागा लहान असली तरी ती हातावर असेल, तर रोग्यास भाजण्यावर खास उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठविण्याचा विचार करावा, असें सांगितलें आहे.

वाचकांनीं आतांच एक प्रयोग करून पाहावा. हात सरळ पसरून पाठीवरील कातडी दुसऱ्या हाताच्या चिमटींत धरावी. ती सहज उचलली जाते. आतां मूठ घट्ट आवळून पुन्हां तसेंच करावें. कातडी ताणलेली असल्यामुळें चिमटींत येत नाहीं. ह्याचा अर्थ असा, कीं मूठ वळण्यासाठीं हाताच्या पाठीची कातडी पातळ, सैल आणि ताणली जाणारी असली पाहिजे. तळव्याची कातडी जाड असते. पाठीची मात्र नाजूक. आग, वाफ किंवा तेल ह्यांच्यापुढें हात आडवा धरला असतां बहुधा हीच नाजूक बाजू भाजते.

खोल भाजलेली जखम भरतांना शरीर एक काम फार उत्साहानें करतें, तें म्हणजे जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढण्याचें. जखमेंत स्नायूप्रमाणें आंखडणाऱ्या विशिष्ट पेशी उत्पन्न होतात, असें जिनीव्हा येथील गॅबियानी ह्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं 1971 सालीं दाखवून दिलें. पोटावर किंवा पाठीवर अशी ओढ बसली, तर फारसें बिघडत नाहीं. परंतु बोटाच्या सांध्यावर तीच ओढ बसली, कीं सांधा जागच्या जागीं जखडला जातो. शिवाय नवी कातडी जाड व कडक होत जाते. हा वण पिकून मऊ पडावयास एक ते दोन वर्षें लागतात. म्हणजे जखम बुजली तेव्हां दुखणें संपलें, असें जें आपणांस वाटतें, तें खरें नव्हे. हाताची खरी लढाई तेव्हां कोठें सुरू होते.

ह्यांत आणखी एक फसवी गोष्ट आहे. भाजलेला हात सुजतो, आणि सुजलेला हात रोगी ज्या स्थितींत आरामांत ठेवतो, त्या स्थितींत मनगट खालीं लोंबतें, बोटांच्या मुळांचे सांधे सरळ होतात व पुढचे सांधे वांकतात. पक्ष्याच्या पंजासारखी ही स्थिति रोग्यास सोयीची वाटते. पण हात तसाच राहूं दिला, तर सांध्यांच्या बाजूंचे बंध आंखडतात आणि तो पंजा कायमचा होतो. ह्यासाठीं उपचार करणारे लोक हातास नेमकें उलट बांधतात. मनगट किंचित् मागें, बोटांच्या मुळांचे सांधे सत्तर ते नव्वद अंशांपर्यंत वांकलेले, पुढचे सांधे सरळ, आणि अंगठा तळव्यापासून दूर अशी ती ठेवण असते. रोग्यास ज्यांत आराम, त्यांतच अपाय; आणि ज्यांत त्रास, त्यांतच कल्याण, असा हा विचित्र प्रकार आहे.

ही बांधणी, वणावर दाब ठेवण्यासाठीं दिवसाचे जवळजवळ तेवीस तास घालावयाचा घट्ट हातमोजा, आणि दिवसांतून अनेक वेळां करावयाचा बोटांचा व्यायाम, हीं तीन साधनें जुनीं व कसोटीस उतरलेलीं आहेत. कातडीचें कलम केलें असल्यास तें धरेपर्यंत चार-पांच दिवस हात स्थिर ठेवावा लागतो. त्यानंतर डॉक्टरांच्या आज्ञेनें हालचाल सुरू होते. तिन्ही साधनांत सर्वांत कठीण तो व्यायाम. आंखडलेली कातडी ताणतांना होणारी वेदना ज्यानें भोगली, त्यालाच ठाऊक. मोठमोठीं माणसें तेथें हात आंखडून घेतात. मग दहा वर्षांच्या मुलाची काय कथा?

आतां वेदनेकडे वळूं. वेदना ही तारायंत्राच्या संदेशासारखी आहे, जखमेंतून निघाली कीं ती जशीच्या तशी मेंदूंत पोंचते, अशी समजूत पुष्कळ काळ होती. 1965 सालीं मेल्झॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनीं निराळा विचार मांडला. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक फाटक असून तें कमीअधिक उघडतें, आणि मेंदू स्वतः खालीं निरोप पाठवून तें लोटूं शकतो, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. ह्या उपपत्तींतील बारकावे पुढें बदलले. परंतु वेदना जखमेवरच नव्हे, तर मनाच्या अवस्थेवर व लक्षावरहि अवलंबून असते, हा तिचा गाभा टिकला. ह्याचा अनुभव आमच्या बालवाचकांस आहेच. कबड्डीच्या डावांत गुडघा फुटतो, रक्त वाहतें, आणि खेळणाऱ्यास त्याची वार्ताहि नसते. डाव संपतो, कोणी तरी म्हणतो, "अरे, तुझा गुडघा बघ!" आणि मग तो लंगडूं लागतो. जखम तीच, मधल्या वेळांत मन दुसरीकडे गुंतलेलें होतें एवढेंच.

मन असें पूर्णपणें गुंतवावें कसें, हा प्रश्न होता. महाभारतांतील मयसभेची कथा सर्वांस ठाऊक आहे. तेथें दुर्योधनास जमिनीच्या ठिकाणीं पाणी दिसलें आणि पाण्याच्या ठिकाणीं जमीन. डोळ्यांनीं जें दिसलें, त्यावर त्याच्या पायांनीं विश्वास ठेवला व त्याची फजिती झाली. आज जिला इंग्रजींत व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, ती अशीच एक मयसभा होय. डोळ्यांपुढें बांधावयाच्या पेटीसारख्या चष्म्यांत प्रत्येक डोळ्यासाठीं किंचित् वेगळें चित्र असतें, त्यामुळें खोली भासते; आणि डोकें वळवावें तसें चित्रहि वळतें, त्यामुळें आपण त्या दृश्याच्या आंत आहों, असें वाटतें. असें पहिलें डोक्यावरचें यंत्र ऐव्हन सदरलंड ह्यांनीं अमेरिकेंत 1968 सालीं दाखविलें. तें इतकें जड होतें, कीं छतापासून टांगावें लागे. पुढें यंत्रें लहान होत गेलीं, आणि 2016 च्या सुमारास तीं साध्या दुकानांतूनहि मिळूं लागलीं.

ह्या मयसभेचा उपयोग भाजलेल्या रोग्यांसाठीं करण्याची कल्पना अमेरिकेंतील सिॲटल शहरीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं पुढें आणली. तेथील हार्बरव्ह्यू रुग्णालयांत भाजलेल्या लोकांसाठीं मोठा विभाग आहे. 2000 सालीं त्यांनीं दोन तरुण रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सोळा वर्षांचा, दुसरा सतरा वर्षांचा. जखमेची साफसफाई चालू असतां कांहीं वेळ त्यांना साधा पडद्यावरचा खेळ दिला व कांहीं वेळ आभासी सृष्टींत नेलें. आभासी सृष्टींत असतां वेदना पुष्कळच कमी झाली, असें दोघांनींहि सांगितलें.

पुढें त्यांनीं अशा रोग्यांसाठीं एक खास सृष्टि रचविली. तिचें नांव स्नो-वर्ल्ड, म्हणजे हिमलोक. तिच्यांत रोगी एका बर्फाळ दरींतून हळूहळू तरंगत जातो. दोहों बाजूंस हिमाचे कडे, खालीं थंडगार नदी, आजूबाजूस पेंग्विन पक्षी, बर्फाचे पुतळे व केंसाळ मॅमथ हत्ती. रोग्यानें त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेंकावयाचे. आगीनें पोळलेल्या मनास हिमाच्या राज्यांत नेण्यांत किती औचित्य आहे, हें सांगावयास नकोच.

ह्याचा परिणाम त्यांनीं मोजला. 2000 सालींच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बारा रोग्यांनीं भाजलेल्या अवयवाचा व्यायाम केला. तीन मिनिटें कोणत्याहि विरंगुळ्यावांचून, आणि तीन मिनिटें आभासी सृष्टींत. व्यायामाच्या वेळीं मन वेदनेंत किती गुंतलें होतें, हें शंभर मिलिमीटरांच्या एका रेघेवर खूण करून सांगावयाचें होतें. विरंगुळ्यावांचून ही खूण सरासरीनें 60 वर पडली. आभासी सृष्टींत ती 14 वर आली. कोणी म्हणेल, रोग्यांनीं डॉक्टरांस बरें वाटावें म्हणून तसें सांगितलें असेल. ह्या शंकेचें उत्तर 2004 सालीं मिळालें. निरोगी स्वयंसेवकांस बेताच्या उष्णतेची वेदना देऊन, मेंदूचें कार्य दाखविणाऱ्या चुंबकीय यंत्रांत त्यांस ठेवण्यांत आलें. ते हिमलोकांत रमले असतां मेंदूच्या वेदनेशीं संबंध असलेल्या पांच भागांतील खळबळ प्रत्यक्ष कमी झालेली दिसली. तेव्हां ही नुसती बोलाची कढी नव्हती.

ह्या कामांत अडचणीहि आल्या, आणि त्या कशा सोडविल्या हें पाहण्यासारखें आहे. भाजलेल्या रोग्यांच्या जखमा पाण्याच्या टबांत धुतात. तेथें विजेचें यंत्र डोक्यावर बांधणें धोक्याचें. म्हणून कांचेच्या तंतूंतून नुसता प्रकाश रोग्याच्या डोळ्यांपर्यंत नेणारें शिरस्त्राण तयार केलें. वीज टबापासून दूर राहिली. ज्यांचा चेहरा किंवा डोकें भाजलें आहे, त्यांना शिरस्त्राण बांधतांच येत नाहीं. युद्धांत भाजलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करतांना, चष्मा डोळ्यांसमोर अधांतरीं धरणारा एक यांत्रिक हात वापरण्यांत आला. ती हकीकत 2011 सालीं प्रसिद्ध झाली. अडचण आली म्हणून हात टेंकले नाहींत, तर अडचणीसाठीं हात तयार केला!

मुलांविषयींचा प्रयोग विशेष सांगण्यासारखा आहे. 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत सहा ते एकोणीस वर्षांच्या 54 मुलांनीं एक ते पांच दिवसांपर्यंत सांध्यांचे व्यायाम केले. आभासी सृष्टींत असतां वेदनेचीं निरनिराळीं मापें शेंकडा 27 ते 44 नीं उतरलीं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं नवलाई ओसरली म्हणून गुण गेला, असेंहि झालें नाहीं. मुलांना त्या वेळीं मौजहि वाटली. ज्या खोलींत शिरतांना मूल भिंतीस धरून रडतें, त्या खोलींत त्यास मौज वाटावी, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु येथें एक तपशील प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. त्या प्रयोगांत वेदना उतरली. तथापि सांधे त्यामुळें अधिक वांकूं लागले, असें दिसलें नाहीं. 2009 सालच्या 39 प्रौढ रोग्यांच्या प्रयोगांतहि असेंच आढळलें. विचार केला, तर ह्यांत नवल नाहीं. हिमलोकांत मन एकीकडे व हात दुसरीकडे असतो. मन बर्फाचे गोळे फेंकतें, आणि हात उपचारकाच्या हातांत असतो. मन गुंतलें, पण हात खेळांत उतरला नाहीं. म्हणून पुढची पायरी अशी, कीं भाजलेला हातच खेळाचा खेळाडू झाला पाहिजे.

ही पायरी दक्षिण कोरियांत सोल येथें हाताच्या रोग्यांवर पद्धतशीरपणें पारखून पाहण्यांत आली. त्यासाठीं वापरलेला हातमोजा रॅपेल स्मार्ट ग्लव्ह ह्या नांवानें ओळखला जातो. बोटें किती वांकलीं, मनगट किती वळलें, हें तो क्षणोक्षणीं मोजून संगणकास कळवितो. आणि समोरच्या पडद्यावर एक हात नेमकी तीच हालचाल करतो. येथें चष्मा नाहीं. पडदाच मयसभेचें दार. खेळ पाहावे तर अगदीं घरगुती: फुलपाखरूं पकडावें, संत्रें पिळावें, मासा धरावा, कुंपण रंगवावें, पुस्तकाचीं पानें उलटावीं. संत्रें पिळावयाचें म्हणजे मूठ वळली पाहिजे. पान उलटावयाचें म्हणजे मनगट फिरलें पाहिजे. ज्यास "बोट वीस वेळां वांकव" म्हटलें असतां पांचव्या वेळींच हात आंखडावासा वाटतो, तो संत्रीं मोजतां मोजतां पन्नासदां बोट वांकवून जातो. तो गुण मोजतो. व्यायाम मोजण्याचें काम यंत्र करतें.

ह्यांत आणखी दोन फायदे आहेत. पहिला असा, कीं खेळ रोग्याच्या शक्तीप्रमाणें सोपा किंवा अवघड करतां येतो. बोट जरासेंच वांकतें, तर तेवढ्यावरच फुलपाखरूं हातीं लागतें. उद्यां थोडें अधिक वांकवावें लागतें. शाळेंत पहिल्या दिवशींच अवघड गणित घालून मुलास नाउमेद करूं नये, हें जें आम्हां शिक्षकांचें सूत्र, तेंच हें होय. दुसरा फायदा हा, कीं प्रगति डोळ्यांस दिसते. आठ दिवसांत बोट दोन अंश अधिक वांकलें, हें रोग्यास जाणवत नाहीं व तो निराश होतो. पण काल बारा संत्रीं पिळलीं आणि आज पंधरा, हें त्यास लगेच कळतें.

सोल येथील प्रयोग 2020 सालीं प्रसिद्ध झाला. हात भाजलेल्या 57 रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एकास नेहमींचा उपचार, दुसऱ्यास आभासी खेळांची जोड. आणि हें चार आठवडे चाललें. हाताचें कौशल्य मोजण्यासाठीं जेब्सेन व टेलर ह्यांच्या नांवाची 1969 पासून चालत आलेली परीक्षा घेतली. ह्या परीक्षेंत सात कामें असून प्रत्येकास किती वेळ लागला तें मोजतात: वाक्य लिहिणें, पानें उलटावीं तशीं कार्डें उलटणें, लहान वस्तु उचलणें, चमच्यानें खाण्यासारखी हालचाल करणें, सोंगट्या एकावर एक रचणें, मोठे हलके डबे उचलणें आणि मोठे जड डबे उचलणें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हीं सात कामें मनांत घोळवून पाहावीं. त्यांत एकहि मोठा पराक्रम नाहीं. परंतु ह्यांतलें एकहि ज्यास जमत नाहीं, त्याचा दिवस कसा जात असेल? खेळ खेळलेल्या गटाचा गुण लहान वस्तु उचलण्याच्या कामांत स्पष्टपणें वरचढ आला. तसेंच स्वतःच्या हाताच्या उपयोगाविषयीं, दैनंदिन कामाविषयीं व वेदनेविषयीं त्या गटाच्या रोग्यांनीं अधिक समाधान व्यक्त केलें.

ह्यावरून कोणी असा समज करून घेऊं नये, कीं यंत्र आणलें म्हणजे हात बरा झाला. हे प्रयोग थोड्या रोग्यांवर झालेले आहेत. कांहींजणांस आभासी चष्म्यानें घेरी येते व मळमळतें. भाजलेल्या रोग्यास जंतूंची बाधा चटकन् होते, म्हणून एकाच्या हातचें साधन दुसऱ्यास देण्यापूर्वीं तें कसोशीनें स्वच्छ करावें लागतें. उघड्या जखमेवर तर असा हातमोजा घालतांच येत नाहीं. आणि खेळांत लबाडी ही आलीच! बोट वांकविण्याऐवजीं मनगट किंवा खांदाच हलवून गुण मिळविण्याची युक्ति हुशार रोग्यास लौकरच सांपडते. यंत्र फसतें, अनुभवी उपचारकाचा डोळा फसत नाहीं. म्हणून हा खेळ उपचारकाच्या हातांतील एक साधन आहे. उपचारकाची जागा तो घेऊं शकत नाहीं. बांधणी, दाबाचा हातमोजा, औषधें व शस्त्रक्रिया हीं आपापल्या जागीं राहतातच.

मग आपल्यासारख्यांनीं ह्यांतून काय घ्यावें? आमच्या त्या विद्यार्थ्याची पुढील हकीकत सांगतों, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. त्याच्या आईनें त्यास पुन्हां उपचारासाठीं नेलें. तेथें आभासी सृष्टि नव्हती, गुण मोजणारा हातमोजाहि नव्हता. तेथील बाईंनीं त्यास दाबाचा हातमोजा मापानें करून दिला, रात्रीं हात बांधून ठेवावयास सांगितलें, आणि घरीं करावयाच्या व्यायामाची एक यादी दिली. ती यादी पाहून आम्ही चकित झालों. कणकेचा गोळा मुठींत दाबणें, गोट्या एकेक उचलून वाटींत टाकणें, कपडे वाळत घालावयाचे चिमटे दोरीवर लावणें, ओला रुमाल पिळणें, पत्ते वांटणें. सोल येथील यंत्रांत जें संत्रें पिळावयाचें, तेंच हें, फक्त कणकेचें! त्याच्या धाकट्या बहिणीनें ह्यांत स्पर्धा लावली. दोघेंहि घड्याळ लावून गोट्या भरीत, आणि कोणाची वाटी आधीं भरली तें भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवीत. आरंभीं ती रोज जिंकत असे. होळीच्या आसपास एके दिवशीं तो जिंकला, आणि त्या दिवशीं तो रडला, असें आईनें आम्हांस सांगितलें. व्यायाम करतांना नव्हे, तर जिंकल्यावर.

त्याचा हात अद्यापि पूर्ण बरा झालेला नाहीं. करंगळी पुरती मिटत नाहीं, आणि कदाचित् पुढें शस्त्रक्रिया करावी लागेल. चार आठवडे आधीं हालचाल झाली असती, तर किती वांचलें असतें, हा विचार त्याच्या आईच्या मनांतून जात नाहीं. आणि तिच्याच सांगण्यावरून हा लेख लिहिण्याचें आम्ही मनावर घेतलें. दुसऱ्या कोणा आईनें तसाच विलंब करूं नये, एवढीच तिची इच्छा आहे.

जातां जातां, हात भाजूंच नये म्हणून व भाजलाच तर काय करावें, हें दोन शब्दांत सांगणें आमचें कर्तव्य आहे. भारतांत दरवर्षीं दहा लाखांहून अधिक माणसें मध्यम किंवा गंभीर स्वरूपानें भाजतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. न उडालेल्या फटाक्यास हात लावूं नये. त्यावर दुरूनच पाणी ओतावें. कढईचा दांडा चुलीबाहेर येऊं देऊं नये. हात भाजल्यास तो ताबडतोब वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. बर्फ लावूं नये. शाई, दंतमंजन, हळद वा तूप चोपडूं नये. सूज येण्यापूर्वींच अंगठ्या व बांगड्या काढाव्या, स्वच्छ फडक्यानें हात सैल झांकावा आणि डॉक्टर गांठावा. आणि जखम भरूं लागली, कीं डॉक्टरांस स्वतः होऊन विचारावें, "हालचाल केव्हां सुरू करावयाची?"

मयासुरानें आपली सभा पाहणाऱ्यास भुलविण्यासाठीं रचिली, आणि त्या भुलीतून पुढें मोठें वैर माजलें. आजच्या मयसभा रचणाऱ्यांनीं तीच विद्या एका पोळलेल्या मुलाची मूठ वळावी म्हणून वापरली, ही आम्हांस मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. परंतु ज्यांच्या घरीं अशी सभा नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. खेळांत मन गुंतवावें, खेळांतूनच हात हलवावा, आणि रोज थोडें अधिक हलवावा, हें ह्या सर्व खटाटोपाचें सार आहे. आणि त्यास एक वाटी, चार गोट्या व शेजारीं बसून खेळणारें एक जिवाभावाचें माणूस एवढें भांडवल पुरेसें आहे. व्यायामाच्या वेळीं मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, तर तें पुसावें, त्यास जवळ घ्यावें, क्षणभर विसांवा द्यावा. मात्र खेळ सोडूं नये.